सेल्युसिडांची भिंत, मामाचा कागद

सेल्युसिड हा शब्द मी पहिल्यांदा माझ्या मामाच्या तोंडून ऐकला. मामा मालवणकडचा गवंडी, सातवी नापास. शुक्रवारची दुपार होती. कुवेतमधल्या फहाहील गावी त्याच्या खोलीत आम्ही खाली वर्तमानपत्र पसरून जेवत होतो, आणि सुरमईचा काटा बाजूला काढत तो सहज म्हणाला, "आमची भिंत सेल्युसिड आसा गो. म्हणजे खालची. वरची माझी."

मी विचारलं, सेल्युसिड म्हणजे काय?

"राजाचा घराणा. ग्रीक. मुहंदिस सांगता."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मामा तेव्हा फैलका बेटावर कामाला होता. कुवेतच्या किनाऱ्यापासून लाँचनं तासाभरावर हे बेट आहे. इराकनं केलेल्या युद्धात तिथली माणसं गेली ती परत राहायला आली नाहीत, घरांच्या भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून आहेत. त्याच बेटावर दोन हजार वर्षांहून जुना एक छोटा किल्ला जमिनीतून उकरून काढलाय. त्याच्या पडक्या भिंती सावरण्याचं काम एका कंत्राटदाराकडे होतं, आणि भिंतीला हात लावणारा गवंडी म्हणजे माझा मामा.

घरी येऊन मी वाचलं. सेल्युकस आपल्याला माहीत असतो, शाळेत मौर्यांच्या धड्यात तो चंद्रगुप्ताशी तह करतो आणि पाचशे हत्ती घेऊन निघून जातो. पुढे त्याचं काय झालं हे आपलं पुस्तक सांगत नाही. त्याचं घराणं झालं. त्या घराण्यानं शहरं वसवली आणि शहरांना स्वतःची, बापाची, बायकांची नावं दिली. त्यातलं एक नाव मोडक्या उच्चारात आजही तुर्कस्तानच्या नकाशावर आहे. अशोकाच्या शिलालेखात त्यांच्यातला एकजण अंतियोक म्हणून आलाय. आणि वर्षं मोजायची जी पद्धत त्यांनी सुरू केली ती घराणं बुडल्यावरही थांबली नाही. राजा कोण होता हे विसरलेली माणसं शेकडो वर्षं त्याच्या वर्षांत आपले जन्म आणि करार लिहीत राहिली.

हे सगळं वाचून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. मला राग लवकर येतो.

माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या शिक्षणामुळे झालं. शिक्षण म्हणजे डिग्री नाही. पुण्यात चार वर्षं मी पत्रकं लिहिली. वसतिगृहाच्या मेससाठी लिहिली, कंत्राटी सफाई कामगारांसाठी लिहिली, काढून टाकलेल्या एका ग्रंथपालबाईंसाठी लिहिली. पहिलं वाक्य झोंबलं पाहिजे, मागण्या शेवटी आणि क्रमांक घालून, आणि सहीच्या खाली डाव्या बाजूला 'प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी'. आमचा ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणायचा, ज्याला पत्र लिहितेस तो वाचतच नाही; प्रत कुणाकुणाला गेली ते तेवढं वाचतो, आणि घाबरतो. हे पुण्यात खरं होतं. मेसची पोळी खरंच सुधारली होती.

मग डिग्रीवर नोकरी मिळेना, आणि मी कुवेत सिटीतल्या एका कन्सल्टन्सीत कागदपत्रांची कारकून झाले. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्राला नंबर. इथे मोर्चा नाही, पत्रक नाही. परदेशी माणसानं पत्रक वाटलं तर त्याला थेट विमानात बसवतात, हे पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या तिघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं. चेहऱ्यावर दिसत असावं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मामानं मला बेट दाखवायला नेलं. लाँचमध्ये सहलीला निघालेली दोन कुटुंबं होती, आणि मामा त्यांच्यापासून लांब, कठड्याला टेकून उभा. हवा बोचरी होती. त्यानं माकडटोपी घातली होती.

किल्ला मला आधी दिसलाच नाही. कमरेएवढ्या भिंतींचा एक चौकोन, आत खोल्यांच्या खुणा, मधे देवळाचा चौथरा. मामा मात्र घर दाखवावं तसा दाखवत होता. हा कोपरा फुगला होता. इथे उंदरांनी पोखरलं होतं. हे ढासळलेले दगड आधी मातीतून निवडून काढले, खडूनं नंबर घातले, मग एकेक परत बसवला. सिमेंट नाही, मातीचाच लेप. त्याच्यासाठी हे काही नवं नव्हतं. आमच्याकडे बागेला गडगा घालतात तो असाच, दगडावर दगड, चुन्याशिवाय.

"दगडाक तोंड असता," तो म्हणाला. "ता भायर करूचा. शेपूट आत. मुहंदिसाक ह्या म्हायत नव्हता. तेका मी शिकवलंय. मगे तेना माका सेल्युसिड शिकवल्यान."

भिंतीत एक बारीक काळी रेघ होती. रेघेच्या खाली त्यांचं, वर मामाचं. मी वाकून बघितलं. रेघ नसती तर मला फरक कळला नसता, आणि मामाला हेच ऐकायचं होतं. मी ते बोलले नाही, कारण तेवढ्यात मला पाटी दिसली.

पाटी नवी होती, दोन भाषांत. घराण्याचं नाव मोठ्या अक्षरात. खाली पुरातत्त्व खातं, उत्खनन करणारी मोहीम, कंत्राटदार, पैसे देणारे. मी दोनदा वाचली.

"तुझं नाव कुठाय?" मी विचारलं.

"खय?"

"पाटीवर. भिंत तू बांधलीस."

"माझा नाव भिंतीवर लिवक मी काय शाळेतलो पोरगो?"

"आणि राजाचं चालतं? तो इथं आला तरी होता का?"

"नसतलो इलो," मामा म्हणाला. "तेका हयचो उन्हाळो सोसलो नसतो."

तो हसत होता आणि मी पाटीचे फोटो काढत होते. समोरून, बाजूनं, जवळून. पुरावा असावा म्हणून सात फोटो काढले. मामा भिंतीपाशी उभा राहून टोपी सारखी करत होता. मला वाटलं थंडी वाजतेय.

परतीच्या लाँचमध्ये त्यानं खरी गोष्ट काढली. आमच्या गावासमोर समुद्रात किल्ला आहे, त्याचा एक बुरूज पावसाळ्यात ढासळला होता, आणि त्याची दुरुस्ती निघाली होती. तिथल्या ठेकेदारानं मामाला फोनवर सांगितलं होतं, जुन्या दगडाचं काम केल्याचा कागद आण, मी तुला मुकादम करतो. कागदाशिवाय नाही, वर दाखवावं लागतं. मामाचं वय अठ्ठावन्न. कुवेतमध्ये चोवीस वर्षं झाली होती. त्याला परत जायचं होतं, पण ओटीवर बसायला नाही.

"घराक बसलंय तर मरान," तो म्हणाला. "त्या बुरजावर माका चढाचा आसा. एक कागद होयो. येकच."

आता अडचण काय ती सांगते. प्रत्येक परदेशी माणसाकडे इथं एक ओळखपत्र असतं, त्याला सगळे बताका म्हणतात, आणि त्यावर तुमचा धंदा लिहिलेला असतो. मामाच्या बताक्यावर होतं तब्बाख. म्हणजे स्वयंपाकी. त्याची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा गाववाल्यानं त्याला एका कुवेती घरचा व्हिसा मिळवून दिला, आणि त्या घराला कागदावर स्वयंपाकी हवा होता. मामाला पेज करता येत नाही. त्याच्या खोलीतला कागदावरचा ड्रायव्हर फरशा बसवायचा, कागदावरचा माळी शुऐबाच्या कारखान्यांत वेल्डिंग करायचा. आमच्या माणसांत ह्याला कुणी चूक म्हणत नाही. मिळेल त्या व्हिसावर यायचं आणि येतं ते काम करायचं, अशीच रीत पडलीय. कायद्यानं मात्र ती चूक आहे, आणि ती नेहमी कामगाराची असते.

त्यामुळे कंत्राटदाराच्या कंपनीकडून कागद मिळणं शक्य नव्हतं. मामानं मुहंदिसाला विचारलं होतं. मुहंदिस इजिप्तचा, पन्नाशीचा, सिगारेट सोडायचा प्रयत्न करणारा माणूस. पुढच्या आठवड्यात मी त्याच्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, मी मोहिमेच्या कागदावर दोन ओळी लिहून देतो. हा माणूस, दगडाचा गवंडी, दोन हिवाळे आमच्याकडे होता, काम उत्तम. मोहिमेचे प्रमुख आले की त्यांची सही घेतो. पण कंपनीला काही विचारू नका. कुणालाच विचारू नका.

"कधी?" मी विचारलं.

"दोन आठवडे. इन्शाल्ला."

दोनाचे पाच झाले. मी फोन केला की तो म्हणायचा, प्रमुख अजून आले नाहीत. मामा म्हणायचा, देतलो. मी म्हणायचे, हे लोक असेच झुलवतात. हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा म्हटलं होतं की ते तोंडातून आपोआप यायचं.

"तू घाई करू नको गो," मामा म्हणाला. "दगड बसाक येळ घेता."

"मामा, तू दगड नाहीस."

"नाय तर नाय."

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, मी लॅपटॉप उघडून बसले. मोहिमेच्या प्रमुखांना इंग्रजीत लिहिलं, पण ते आपलं निवेदनच होतं. महोदय. विषय: प्राचीन वास्तूच्या जतनकार्यातील कुशल कारागिराची ओळख नाकारल्याबाबत. पहिलं वाक्य झोंबणारं होतं, मला अजून पाठ आहे: ज्या राजघराण्यानं या बेटावर एक दगड उचलला नाही त्याचं नाव आपण पाटीवर लिहिलं, आणि ज्यानं प्रत्येक दगड उचलला त्याला आपण दोन ओळींचा कागद देत नाही. मग मामाचं पूर्ण नाव, बताका नंबर, कामाचा काळ, कामाचं वर्णन. मागण्या तीन. पाटीवर कारागिरांची नावं, अनुभवाचा दाखला, लेखी उत्तर. कुवेतला आल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पाठ सरळ झाली होती.

आणि मग हात आपोआप खाली डावीकडे गेला. प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी. कंत्राटदार, बेटाचं काम बघणारं खातं, आणि कामगारांच्या तक्रारी घेणारं खातं. तीन पत्ते.

मामाला मी सांगितलं नाही. सांगणार होते, कागद हातात आल्यावर.

रविवारी सकाळी पाठवलं. मंगळवारी मामा लाँचवर चढायला गेला तर यादीत त्याचं नाव नव्हतं.

दुपारी मुहंदिसाचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो ओरडला नाही.

"कागद माझ्या खणात आहे," तो म्हणाला. "लिहून तयार. सही ईदनंतर होणार होती."

"मला वाटलं तुम्ही टाळताय."

"तू कामगार खात्याला लिहिलंस की एक स्वयंपाकी दोन वर्षं बेटावर गवंडीकाम करतोय. नंबरासकट लिहिलंस."

"मी त्याच्या कामाबद्दल लिहिलं होतं."

"हो. आता ते काम त्यानं केलं असं मी म्हटलं तर कंपनी जाते, मी जातो, आणि तो आधी जातो. आता तो बेटावर आलाच नव्हता. यादीत नाही, फोटोत नाही, कुठेच नाही. तुला समजतंय ना, बेटी?"

मी म्हटलं, मग भिंत कुणी बांधली?

"सेल्युसिडांनी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. कागदोपत्री तेच उत्तर उरलं होतं.

चौकशी यायच्या आत कंपनीनं स्वतःच सगळं मिटवलं. त्या कुवेती घराशी बोलून व्हिसा रद्द केला, तिकीट काढलं. चार दिवसांत मामा निघणार होता, अटक नाही, बंदी नाही. खोलीतले सगळे म्हणत होते, सुटला. खरंच सुटला होता, याहून वाईट होऊ शकलं असतं. मी ज्यांच्या विरोधात लिहिलं त्यांनीच त्याला वाचवलं, आणि मी ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचवावं लागलं ते माझ्यापासून.

मी फहाहीलला गेले तेव्हा तो बॅग भरत होता. मधे खजूर, कडेला कपडे, वर करणी आणि ओळंबा, टॉवेलात गुंडाळून.

"मामा, मी चुकले."

"गरम आसा, थोडी बस," तो म्हणाला. चहाबद्दल बोलत होता.

"तू मला शिव्या दे."

"दिऊन काय? कागद येतलो?" त्यानं बॅगेची चेन ओढली, ती अडकली, त्यानं परत मागे घेऊन ओढली. "तू बरा करूक गेलंस. तुका वाटला पुणा आसा."

खोलीतला फरशीवाला ड्रायव्हर कोपऱ्यातून म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी माझ्यासाठी नका लिहू काही. मी आहे तो बरा आहे." सगळे हसले. मामाही हसला. मी चहा प्यायले.

जाताना त्यानं एकच मागितलं. "त्या दिवशी फोटो काढलंस ना? भिंतीचे. ते धाड माका. ठेकेदाराक दाखवतंय. कागद नाय तर नाय, डोळ्यांनी बघीत."

मी हो म्हटलं. घरी येऊन फोनमध्ये बघितलं. सात फोटो. सातही पाटीचे. समोरून, बाजूनं, जवळून. मामा एकातही नाही, भिंत दोनात आहे, मागे, धूसर, आणि ती रेघ कशातच दिसत नाही. तेव्हा मला कळलं की तो टोपी का सारखी करत होता. तो फोटोसाठी उभा होता.

पुढच्या शुक्रवारी मी लाँचनं परत गेले. कामाची जागा जाळीनं बंद केली होती. राखणदार बंगाली होता, चांगला होता, म्हणाला, दीदी, ऑर्डर आहे. जाळीबाहेरूनच मी फोटो काढायचा प्रयत्न केला. फोटोत जाळीच आली.

मग मी शहरातल्या संग्रहालयात गेले. बेटावर सापडलेला तो दगड तिथं आहे, ज्यामुळे किल्ल्याची आणि घराण्याची गाठ पडली. उंच, एकसारख्या ओळींत कोरलेला. मला वाटलं होतं, राजाची स्तुती असेल. ते पत्र आहे. वरच्या अधिकाऱ्यानं खालच्याला लिहिलेलं, की राजाला या बेटाची काळजी आहे, देवळाचं अमुक करा, जमीन कसणाऱ्यांना तमुक द्या. आणि खालच्या अधिकाऱ्यानं ते बेटावरच्या लोकांना पाठवलंय, सोबत आपलं एक छोटं पत्र जोडून. मी रोज ऑफिसात जे करते तेच. आलेल्या पत्राला शिक्का, पुढे रवाना. मी त्या काचेसमोर उभी राहून सगळ्यात खालची ओळ शोधत होते, कोरणाऱ्याचं नाव असेल म्हणून. शेजारच्या माहितीफलकावर राजघराण्याचं नाव होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. रागानं मी काय करते हे मला आता माहीत होतं.

मामाला मी पाटीचाच फोटो पाठवला, त्यातल्या त्यात भिंत जास्त दिसणारा. दुसरं काही नव्हतंच. त्यानं तो ठेकेदाराला दाखवला. ठेकेदारानं मोठा करून बघितला आणि विचारलं, हे तर राजाचं नाव आहे, तुझं कुठाय? माझाच प्रश्न. मामानं त्याला काय सांगितलं ते मला सांगितलं नाही.

त्याला काम मिळालं. हेल्पर म्हणून. तो घमेली वाहतो. मुकादम पस्तिशीतला आहे, त्याच्याकडे कुठल्याशा कोर्सचा दाखला आहे.

परवा मामाचा आवाजी निरोप आला. मागे समुद्राचा आवाज होता, म्हणून दोनदा ऐकावा लागला. बुरजाचा पहिला थर झाला म्हणाला. होडीतून दगड उतरवताना कंबर धरते, पण बरं आहे. मग म्हणाला:

"दगड उलटे लावतत गो. तोंड आत करून. पावसात फुगतलो परत. मी काय बोलूचा? मी हेल्पर."

पुन्हा समुद्र. मला वाटलं निरोप संपला. मी फोन कानापासून काढणार तेवढ्यात तो म्हणाला, "पण तू कोणाक काय लिवू नको हां."